चाकाला उलटा हात

आमच्या शेजारचे भास्करनाना पाहुण्यांना नमस्कार करायच्या आधी पाहुण्यांच्या गाडीच्या चाकांना हात लावतात. तोही उलटा. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते ना, तसा. चारी चाकं चाचपून झाली की कंबर सरळ करून "या, बसा" म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा वाहनपूजा करतोय. जळगावातल्या आमच्या कॉलनीला आता सवय झालीय.

नाना मूळचे धरणगावचे. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन इथे आले ते एक जुनी पांढरी गाडी घेऊन. ती चालवतात क्वचितच, पण तिचे ब्रेक दर रविवारी उघडतात. "गाडी पयाडता कोन्लेबी येस, सूनबाई. थांबाडता येवाले पाह्यजे!" लग्न होऊन मी या गल्लीत आले त्याच आठवड्यात हे पळवण्या-थांबवण्याचं वाक्य ऐकलं, आणि तेव्हापासून माझी सुटका नाही.

नानांचा खरा जीव कॅलिपरवर. कॅलिपर म्हणजे चाकातल्या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. तो दोन पिनांवर सरकतो. पिना कोरड्या पडल्या की पंजा धरतो, पण सोडत नाही. मग चाक तापतं आणि गाडी एका अंगाला ओढते. हे मला कसं ठाऊक? मला काय हौस होती! अक्कांना भरताची वांगी द्यायला म्हणून त्यांच्या घरात गेले, बाहेर येऊन बघते तर माझी गाडी जॅकवर, चाक अंगणात आणि नाना मांडी घालून बसलेले. "डावी बाजू गरम लागनी," एवढाच खुलासा.

अक्का म्हणजे नानांची बायको. त्या बाईच्या सोसण्याला तोड नाही. खोललेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, नळी खराब होते, म्हणून तो दोरीने बांधून ठेवतात. नानांना घरात दोरी कधी सापडत नाही. अक्कांच्या परकराच्या नाड्या मात्र बरोब्बर सापडतात. "मन्या बठ्ठ्या नाड्या काया करी टाक्यात या मानुसनी!" हा काळ्या झालेल्या नाड्यांपायी अक्कांचा रविवारचा ओरडा. ग्रीसची बरणी तुपाच्या बरणीशेजारी असते. आम्ही त्यांच्याकडे पुरणपोळी कोरडीच खातो.

गंमत संपली ती वर्षाच्या लग्नाचं बघायला लागल्यावर. वर्षा ही त्यांची एकुलती एक लेक. मुलगा आत पोहे खातोय आणि नाना बाहेर त्याच्या गाडीपाशी उकिडवे! एक इंजिनियर नापास झाला, कारण "पोऱ्या चांगला शे, पन ब्रेकना पॅड घसाई गयात तरी त्याले पत्ता नही." दुसरा गेला उजव्या चाकापायी. अक्का कपाळ बडवून घ्यायच्या. मी एकदा तोंडावरच विचारलं, "नाना, मुलीसाठी नवरा शोधताय की मेकॅनिक?"

"मन्ही पोर त्या गाडीमा बसी," नाना म्हणाले आणि पाना उचलून निघून गेले.

मग घाटापलीकडच्या कन्नड गावचा निखिल आला. वडिलांची जुनी गाडी, डावं चाक चांगलंच तापलेलं. नानांचा चेहरा असा खुलला की मी मनात म्हटलं, गेला हाही! पण हा गडी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आला, नानांशेजारी बसला आणि म्हणाला, "मला कळतच नाही हो यातलं. शिकवाल?" झालं! नाना पेचात पडले. शिकवायला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. संध्याकाळपर्यंत निखिल उलटा हात लावायला शिकला आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या सकाळी, अंगाला हळद लागलेली असताना, नानांनी जावयाच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं उघडली. दुपारी पाठवणी झाली. आम्ही सगळ्या बायका हुंदके देतोय आणि नाना कोरड्या डोळ्यांनी टायरकडे बघतायत. मला रागच आला, काय दगड माणूस आहे!

गाडी गेली. आम्ही पानावर बसतो न बसतो तोच परत आली.

एकच हलकल्लोळ. आत्याबाई किंचाळल्या, "पाठवलेली पोर लगेच उंबऱ्याच्या आत नको!" म्हणून वर्षाला फाटकाबाहेर खुर्ची दिली. निखिल नानांना म्हणाला, "देवळापाशी थांबलो तेव्हा हात लावून बघितला. डावं चाक तापलंय." कोणीतरी बादली घेऊन धावलं. "पानी टाकू नका, डिस्क वाकडी व्हई!" नाना ओरडले. चाक निवल्यावर नव्या धोतरानिशीच ते जमिनीवर बसले.

मी संधी सोडते होय? "काय नाना, पोरगी परत यावी म्हणून मुद्दाम केलंत ना?" सगळे हसले. नाना हसले नाहीत.

पिन बाहेर आली. कोरडी ठणठणीत. जुनं ग्रीस पुसलेलं, नवं लावलेलंच नाही. नाना तिच्याकडे बघतच राहिले.

"ग्रीस लावत व्हतू," ते म्हणाले, "तवढामा तिनी हाक मारी. शालू नेसीसन उभी व्हती. 'नाना, देखा.' देखं, आन् हात थांबी गया."

आणि तिथेच, ब्रेकसमोर, माणूस ढसाढसा रडला. हात काळे, डोळे पुसायची सोय नाही. वर्षाने खुर्चीवरून उठून शालूच्या पदराने पुसले. अक्कांनी पिशवीतून एक कोरी नाडी काढून पुढे केली. "हाई ल्या. नवी शे."

गाडी पुन्हा निघाली. वातावरण जड झालं होतं, म्हणून मीच म्हटलं, "नाना, कन्नडला जाताना घाट चढायचाच आहे. चढाला ब्रेकचं काय एवढं?"

"जावाले ब्रेक लागत नही, सूनबाई," नाना म्हणाले. "ती माहेरले येई ना, तव्हय घाट उतरना पडी."



आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात सगळ्या लेकी माहेरी येतात. वर्षाही आली. गाडी दारात थांबली तशी सगळी गल्ली नानांकडे बघायला लागली. नाना चाकांकडे न बघता सरळ वर्षाजवळ गेले आणि तिच्या कपाळाला उलटा हात लावला. "थकी गई का वं?"

बाप-लेक दोघं बोलत आत गेली. चाकं तपासायची राहूनच गेली. शेवटी मीच वाकले आणि एकेका चाकाला हात लावला. चारी सारखीच कोमट होती.