तिरसाबाईने लेकरास दीक्षेचे पाणी घातले त्याची हकीकत

जग होण्याआधी ज्याने सर्वांचा निवाडा करून मोहोर केली, आणि ज्याचे दरबारी फेरअर्ज चालत नाही, त्या धन्यास दंडवत. शके पंधराशे सत्तर, सर्वधारी नाम संवत्सरी, समुद्रापलीकडे टोपीकरांचे एका मुलखी वर्तमान जाले ते ऐसे.

त्या मुलखी राजा नावापुरता, हुकूम मलाखीस्वामी उपदेशकांचा. स्वामी मोठे करडे, अंगी काळा झगा, हसणे ठाऊक नाही, आणि नरकाचे ऐसे वर्णन करीत की भर थंडीत लोकांस घाम फुटे. त्यांचे मत की, कोण तरणार आणि कोण जळणार हे देवाने अगोदरच नेमिले, दान करा की नाक घासा, तिळभर फरक नाही. मग रिवाज पडला की, आपण निवडलेले ऐसे ज्यास वाटे त्याने सभेत साक्ष द्यावी, पंचांनी पारख करावी, आणि पारखेस उतरेल त्याच्याच लेकरांस दीक्षेचे पाणी मिळावे. पारख तरी कैसी? जो छातीठोक बोले तो गर्विष्ठ म्हणोन बाद, जो कापे आणि रडे तो निवडलेला. मग काय विचारता! कुल रयत घरोघरी कापण्याची तालीम करू लागली, आणि एक सावकार ऐसा कापला की बाकासकट आडवा जाला आणि तत्काळ मंजूर जाला.

तेथे तिरसाबाई म्हणोन एका कोळ्याची विधवा होती. नवरा दर्यात गेला, मागे एक तान्हा लेक, तोही तापाने फणफणला. लेक दीक्षेच्या पाण्यावाचून मरू नये, इतकाच बाईचा हट्ट. शेजारीण म्हणाली, "बाई, थोडे कापून दाखव, तुझे काय जाते?" बाई म्हणाली, "देवापुढे सोंग करू? ते व्हायचे नाही." आणि लेकरू उराशी धरून सभेत गेली, ताठ उभी राहिली, आणि म्हणाली, "लेकरास पाणी द्या." पंचांनी निरखून पाहिले, बाई कापेना. मग पंच म्हणाले, "खूण दिसत नाही. नामंजूर."

तेव्हां बाई म्हणाली, "स्वामी, निवाडा आधीच जाला ना? मग लेकरू टाकलेले असेल तर ओंजळभर पाणी वाया जाईल. आणि निवडलेले असेल तर देवाचे माणूस तुम्ही दारातून परत धाडता." स्वामी गरजले, "रिवाज तो रिवाज!" मग बाई उगी राहिली नाही. दीक्षेचे पाणी ज्या तस्तात, त्या भांड्याजवळ चालत गेली, आपले हाते पाणी घेतले, आणि लेकराचे टाळूवर घातले. सभेत हाहाकार जाला. स्वामी म्हणाले, "हा अधिकार तुला कोणी दिला?" बाई म्हणाली, "जग होण्याआधी माझाच हात नेमला असेल. तो नेम तुम्ही मोडणार?" आणि लेकरू उराशी धरून सभेतून चालती जाली.

पुढे लेकरू वाचले नाही. बाईने टाहो फोडला तो साऱ्या गावाने ऐकला, आणि पाषाणासही पाझर फुटावा ऐसा तो होता. पंच म्हणाले, ही दीक्षा खरी नव्हे, लेकरू दफनभूमीचे कुंपणाबाहेर पुरावे. तेव्हां स्वामी स्वतः फावडे घेऊन आले आणि कुंपणाचे आत खड्डा खणिला. बाईने पुसले, "स्वामी, माझा लेक निवडलेला होता की टाकलेला?" स्वामी फावडे खाली ठेवून म्हणाले, "बाई, मला ठाऊक नाही."

येणेप्रमाणे जाले. स्वामींनी उपदेश पुष्कळ केले, परंतु त्या मुलखी लोक सांगतात तो हाच एक.