मुद्दा क्रमांक तीन

दत्तप्रसादला त्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं काही एक कारण नव्हतं. लॉकडाउनमुळे कंपनीचं वार्षिक डिनर रद्द करावं, असं त्याचा मॅनेजर डॅरन म्हणत होता. स्क्रीनवरचे बाकीचे तीस जण माना डोलवत होते. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या आपल्या घरात बसून यानेही मान डोलवली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण टीम लीडची जागा दोन महिने रिकामी होती आणि ती नेमणूक डिनरलाच जाहीर होणार होती. तिथल्याच क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला उतरल्यापासून बारा वर्षं आणि या कंपनीत आठ वर्षं घासल्यावर ती जागा आपलीच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. (इतरांच्या मनात काय होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.)

"ऑनलाइन करूया की," तो म्हणाला. "त्याचे फायदेच फायदे आहेत."

"ग्रेट, मेट," डॅरन म्हणाला. "ते फायदे लिहून पाठव. आणि ऑर्गनाइझ तूच कर."

दत्तप्रसादने यादी केली. एक, घराबाहेर पडायला नको. दोन, वाइन घेतल्यावर गाडी चालवायचा प्रश्नच नाही. तीन, माणूस कुठे बसलाय याला काही महत्त्व उरत नाही, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसातले लोकही बरोबरीने सामील होतील. तिसरा मुद्दा सुचला तेव्हा तो स्वतःवर इतका खूश झाला की उठून त्याने सगळ्यांसाठी चहा टाकला.

कार्यक्रम ठरला चीज टेस्टिंगचा. मेलबर्नमधल्या प्रत्येकाच्या घरी एकेक खोका पोचला. त्यात तीन प्रकारचं चीज, बिस्किटं आणि वाइनची छोटी बाटली. पुण्याला खोका पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून तिथल्या राघवला 'तुझं तू काहीतरी घेऊन बस' असं कळवलं. राघव याच्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनियर. त्याला सगळं काम दत्तप्रसादनेच शिकवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे कार्यक्रमाच्या बरोब्बर अर्धा तास आधी, दत्तप्रसादने फ्रिज उघडला. चीज दोनच होती.

"आई, इथे तिसरं चीज होतं."

"होतं. टाकलं मी." आई मार्चमध्ये दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आली होती. विमानं बंद झाल्यावर ती इथेच अडकली आणि मग स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलं. "निळी बुरशी धरली होती त्याला. वास तर विचारू नकोस. तू भोळा आहेस, कुणीही काहीही तुझ्या गळ्यात मारतं. काल रात्रीच कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं आणि दोनदा हात धुतले."

बिन सकाळीच ट्रकने रिकामा केला होता.

"अगं, ती बुरशी मुद्दाम आणलेली असते."

चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या आईने त्याच्याकडे बघितलं. "मुद्दाम?" ती म्हणाली. "मग तक्रार लेखी केली पाहिजे."

दत्तप्रसादच्या डोक्यात तिडीक गेली. नेमकं ते निळं चीज डॅरनने स्वतः निवडलेलं, आणि सगळ्यांत आधी ते चाखून चव सांगायची होती ऑर्गनायझरने. इतकी वर्षं मर मर मरायचं आणि ऐन वेळी घरच्यांनीच असा घात करायचा, म्हणजे काय.

"चिडतोस कशाला?" त्याची बायको सुमेधा शांतपणे म्हणाली. "पनीर आहे. त्यावर काडीने पुदिन्याच्या चटणीच्या रेघा ओढ. स्क्रीनवर कुणाला कळतंय? ऑनलाइनचा हा फायदा तू लिहिलाच नाहीस बघ."

साडेपाचला दत्तप्रसाद कोट घालून स्टडीत बसला. (खाली पायजमा होता. तोही फायदाच.) घरातलं वायफाय फक्त त्या एका खोलीत धड चालायचं आणि देव्हाराही तिथेच होता. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग त्याने तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला आणि तोंडात टाकला. सुमेधाने चटणीत मिरच्या वाटताना हात आखडता घेतला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"हाऊ इज इट?" डॅरनने विचारलं. त्याला वाटलं, माणूस भारावला.

"स्ट्राँग," दत्तप्रसाद कसंबसं म्हणाला.

तेवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली म्हणून निरांजन घेऊन आई आत आली. तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. स्क्रीनभर माणसं निळे तुकडे तोंडाकडे नेत होती. इतक्या लोकांच्या जिवाचा प्रश्न असताना ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. निरांजन देवापुढे ठेवून ती मुलाच्या खांद्यावरून वाकली आणि वर्गात बोलायच्या खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "थांबा. कुणीही खाऊ नका. तुम्हा सगळ्यांना बुरसलेला माल आलाय. आमचा मी फेकून दिला. हा खातोय ते पनीर आहे."

तीसच्या तीस चौकोन खदखदून हसायला लागले. दोघांनी तर खरंच तुकडे खाली ठेवले.

"काकू बरोबर बोलतायत," पुण्याहून राघव म्हणाला. तिथे दुपारचा एक वाजला होता. त्याने ताटातल्या पोळीभाजीचा घास कॅमेऱ्याला दाखवला आणि चवीने खाल्ला. हसून हसून डॅरनचे डोळे भरून आले. ते पुसत त्याने टीम लीडचं नाव जाहीर केलं.

राघव.

कार्यक्रम संपल्या संपल्या दत्तप्रसादने डॅरनला फोन लावला. "पनीरमुळे का?" त्याने रागाने विचारलं.

"नो, नो. पनीर ब्रिलियंट होतं. खरं सांगू? महिनाभर माझ्या डोक्यात तूच होतास. राघव कामाला तुझ्याहून सरस आहे, पण तो पडला पुण्यात आणि लीड मेलबर्नमध्येच हवा असं मला वाटायचं. मग मी तुझी यादी वाचली. मुद्दा क्रमांक तीन. मला शंभर टक्के पटला, मेट."

दत्तप्रसाद स्वयंपाकघरात आला आणि तरातरा बोलत सुटला. हा सरळ सरळ अन्याय आहे. घरदार सोडून माणूस इथे येतो, व्हिसासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो, थंडीत कुडकुडतो, आणि जागा कुणाला मिळते, तर कोथरूडला घरात बसून पोळीभाजी खाणाऱ्याला. सुमेधा ताटं घेत होती. उरलेल्या पनीरची तिने भुर्जी केली होती.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कोथरूडला म्हणजे आपल्याच भागात की," ती म्हणाली. "म्हणजे तू कुठेच गेला नसतास, तर झाला असतास टीम लीड."