सपोर्ट बंद

"बंद पडलेला नाही, बिघडलेला नाही, मग काढायचा कशाला ते सांग आधी," भाग्यलक्ष्मीअक्का जुन्या कॉम्प्युटरवर हात ठेवूनच म्हणाल्या. धारवाडात सुभाष रोडवरच्या त्यांच्या वधूवर सूचक केंद्रात तो दहा वर्षं पत्रिका जुळवत होता. त्यातला प्रोग्रॅम त्यांच्या भाच्यानंच, श्रीवत्सनंच, कॉलेजात असताना लिहिलेला. आणि आता २००३ साली तोच शहाणा नवा कॉम्प्युटर आणि स्वतःच लिहिलेला नवा प्रोग्रॅम घेऊन दारात उभा होता.

"आत्या, ह्याचा सपोर्ट बंद. मी आता हा जुना प्रोग्रॅम चालवत ठेवणार नाही. ह्याच्यासाठी जुना कंपायलर सांभाळा, एकच काम दोनदा लिहा, कुणी सांगितलंय?"

"आणि आतली नावं?"

"जुन्या फायली नव्यात उघडणार नाहीत. अलीकडची नावं पुन्हा भरू, बाकीची पाच वर्षांमागची स्थळं ती. लग्नं झाली असतील की सगळ्यांची."

"सगळ्यांची कुठली व्हायला."

"जे अजून राहिलेत त्यांना आता कोण करून घेणार?"

"काय बोलायलास हे," अक्का संतापल्या. संतापतील नाही तर काय? माणसं म्हणजे रद्दी आहे होय? पण श्रीवत्सला घाई होती. शेजारच्या शहरात लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी दीपश्री त्याच्या मनात भरली होती आणि तिचे वडील, राघवेंद्रमास्तर, शुक्रवारी केंद्रात येणार होते. तेहेतीस वर्षांच्या ह्या घोड्याला त्यांच्याशी सरळ बोलायचं धाडस नव्हतं. नव्या मशीननं आपलं नाव ऐटीत काढून द्यावं, एवढाच त्याचा बेत.

"माझं नाव घातलंयस ना?" त्यानं हळूच विचारलं.

"घातलंय की. सहा वर्षं झाली."

त्याचा जीव भांड्यात पडला. जुनं मशीन त्यानं स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकलं.

शुक्रवारी मास्तर आले. श्रीवत्स रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात बसला. अक्का भाच्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. केंद्रात बसल्यावर मी कुणाची आत्या नाही, मशीन देईल तेच स्थळ, हा त्यांचा नियम अख्ख्या धारवाडला माहीत होता. दीपश्रीची पत्रिका घातली आणि गुळगुळीत कागद बाहेर आला. मुकुल, गुण सव्वीस.

हा मुकुल कोप्पीकर रोडच्या ऑफिसात श्रीवत्सच्या शेजारीच बसायचा. नवा प्रोग्रॅम चालतो का बघायला श्रीवत्सनंच त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला होता.

"चांगलं दिसतंय की, अक्का," मास्तर म्हणाले आणि कागद खिशात घालून गेले. पंधरा दिवसांत साखरपुडा झाला.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीवत्सनं माळ्यावरून जुनं मशीन उतरवलं आणि दीपश्रीची पत्रिका त्यात घातली. प्रिंटर खरखरत सुरू झाला. श्रीवत्स, गुण तेहेतीस.

"हा अन्याय आहे, आत्या," तो कागद नाचवत म्हणाला. "जुन्या माणसांना असं वाऱ्यावर सोडतात होय? जुन्याला सपोर्ट द्यायलाच पाहिजे. कुठल्या गाढवानं ठरवलं हे?"

अक्कांना त्याची दयाही आली आणि रागही गेला नव्हता.

"साकु, साकु, पुरे झालं," त्या अर्ध्या कानडीत म्हणाल्या. "नव्यात फॉर्म भर. दुसरी मुलगी बघू."

तो नव्या मशीनसमोर बसला. नाव भरलं, गोत्र भरलं. वयाच्या रकान्याशी हात थांबला. त्यानंच केलेली आकड्यांची यादी तिसाला संपत होती.

"आत्या, ह्याच्यापुढचे आकडे?"

"सपोर्ट बंद," अक्का म्हणाल्या.