झेंडूचा हार आणि हिरवी गाडी

चर्रर्र!

ठाण्यात बाळकुमच्या झोपलेल्या घरात हातमोज्याची चिकटपट्टी उघडली आणि रसिकाने श्वास रोखला. पाच वर्षांच्या प्राप्तीने कूस बदलली, पाय आईच्या उशीवर टाकला आणि पुन्हा घोरू लागली. नवऱ्याने, संदेशने, मात्र एक डोळा उघडला.

"सकाळी सकाळी काय सोलतेयस?"

"मोजे घालून बघतेय. आज दिपेशभावजींच्या त्या लाल डब्याचा निकालच लावते!"

"अगं, पण तू टेकडीवर एकदाही चालवलेली नाहीस."

"भर पावसात स्कूटरवर घोडबंदर रोड काढते मी! टेकडीचं काय कौतुक सांगतोस?"

तर प्रकरण असं. टिटवाळ्याच्या पुढे रसिकाच्या सासऱ्यांची, महिपतरावांची, टेकडीवर आंब्याची बाग. वाट अशी की ट्रॅक्टर बघूनच मागे फिरतो. म्हणून धाकट्या दिराने, दिपेशने, बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जुनी लाल एटीव्ही उचलून आणली. चार जाडजूड चाकं, मधे खोगिरासारखी सीट, पुढेमागे सामानाला लोखंडी जाळ्या. रसिका एकदा तिच्यावर मागे बसली आणि वेडीच झाली! पोरगी झोपली की ही पांघरुणात मोबाईल घेऊन गाड्यांची तुलना करणार. कुणाची ओढ जास्त, कुणाचं पोट जमिनीपासून किती वर. लग्न ठरवताना तिने संदेशची इतकी चौकशी केली नव्हती. शेवटी स्वतःच्या पगारातून नवी हिरवी घेतली. घरातले पडदे सासूने निवडलेले, फ्रिज नणंदेने, नवरा मावशीने! ही हिरवी तेवढी तिची, तिने एकटीने निवडलेली.

आणि महिपतरावांनी फर्मान काढलं, "गोठ्यात जागा एकाच गाडीला. खताची पोती घेऊन आधी वर पोचेल ती राहील. दुसरी विकून टाकायची."

बागेत पोचल्यावर महिपतराव नातीला घेऊन वर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. पंच! खाली सासूबाईंनी, भागीरथीबाईंनी, आरतीचं ताट आणलं.

"नवीन गाडी पूजेशिवाय हलायची नाही!"

हळदकुंकू झालं, नारळ झाला, चारी चाकांखाली लिंबं गेली. मग पिशवीतून निघाला झेंडूचा हार. केवढा? नवरदेवाच्या गळ्यात घातला असता तर त्याला खुर्चीच लागली असती!

"मम्मी, एवढा मोठा?"

"गप गं! दिपेशच्या गाडीला घातला नव्हता. बघ कशी खोकते ती." त्यांनी हँडलला वेढे मारून वर पक्की गाठ मारली.

"एक, दोन, तीन!" संदेश ओरडला.

रसिकाने सवयीने मूठ पिळली. काहीच नाही. पुन्हा पिळली. लाल गाडी धूर सोडत पुढे गेली.

"वहिनी, ती स्कूटर नाही!" दिपेश मागे बघत हसला. "अंगठ्याने खटका दाबा!"

"माहितीये मला!" असं म्हणून तिने खटका असा दाबला की चारी लिंबं एकदम फचाक!

हिरवी उसळली. पहिल्या वळणावर हँडल फिरलं, हाराचा दोरा ताणला गेला आणि खटक्यावर आवळून बसला. रसिकाने अंगठा काढला. गाडीला त्याचं काही नव्हतं. ब्रेक आवळला तर गाडी चिडल्यासारखी गुरगुरली. हार ओढायला हात सोडला तर वेग वाढला. इंजिन बंद करायचं लाल बटण असतं, यावर तिने कालच सगळ्यांना व्याख्यान दिलं होतं. ते बटण आता झेंडूखाली कुठेतरी सुखात होतं.

"भावजी, सरकाऽऽ!"

दिपेशने मागे बघितलं आणि लाल गाडी थेट करवंदाच्या जाळीत घातली.

"आईऽऽ! आई गंऽऽ!" रसिका टाहो फोडत वर निघाली. मागची पोती बेडकासारखी उड्या मारत होती. पदरात पडल्यासारखी झेंडूची फुलं तिच्या मांडीवर पडत होती.

"बघा, बघा सुनेचा जोर!" खाली भागीरथीबाई टाळ्या पिटत होत्या. "कशी गर्जना करतेय!"

वर टाकीजवळ शेणखताचा मोठा ढीग होता. हिरवी थेट त्यात घुसली, दोनदा हुंदके दिले आणि बंद पडली. रसिका कमरेपर्यंत खतात, डोक्यावर एक अख्खं झेंडूचं फूल.

ओरबाडलेला दिपेश धापा टाकत पोचला. "बाबा, हे चालणार नाही! वहिनींना गाडी थांबवताच आली नाही!"

महिपतरावांनी ढिगाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "खत खतापर्यंत पोचलं ना? मग झालं. हिरवी राहील. आणि रसिका, उरलेली पोती दर रविवारी तूच आणायचीस. तुझ्याइतक्या झपाट्याने कुणी आणणार नाही."

"हो बाबा," रसिका म्हणाली. मान ताठ होती. जिंकली होती ती! हातमोजे काढून तिने असे झटकले, जणू हे सगळं ठरवूनच केलेलं.

प्राप्ती नाक दाबून जवळ आली. आईच्या केसातलं फूल काढलं, गालावरचं शेण फ्रॉकने पुसलं. मग कानाशी लागून, आजोबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"मी घाबरले की तुला हाक मारते. तू मगाशी 'आई, आई' करून कुणाला बोलवत होतीस? आई तर तूच आहेस ना?"