बारूद गिरणीतले बोंडेकाका

उद्यानात शिरण्याआधी बोंडेकाका माझे खिसे तपासत. "काडीपेटी, लायटर, चाव्या, जे असंल ते भाईर काढ बाप्पा!"

आत काय, तर नदी, बदकं, फुटबॉलची मैदानं आणि शंभरावर वर्षं बंद असलेल्या बारूद गिरणीच्या पडक्या खोल्या. पण काकांच्या लेखी बारूद ती बारूद.

काका म्हणजे माझी शेजारीण केतकी हिचे वडील, भंडाऱ्याकडचे. २०२०च्या सुरुवातीला महिनाभरासाठी आयर्लंडमध्ये कॉर्कला आले, विमानं बंद झाली आणि अडकले. केतकी हॉस्पिटलात नर्स. त्यामुळे त्यांना फिरवून आणायचं काम घरून नोकरी करणाऱ्या माझ्याकडे आलं.

फिरवलं मात्र त्यांनीच मला. लोक राखी बगळ्याचे फोटो काढत, तेव्हा काका भिंतींवर टिचक्या मारत. "तीन भिंती जाड, चौथी नुसत्या फळ्यांची असंल. काहून? उडालं तं एकाच अंगानं उडावं, शेजारच्या खोलीतला वाचावा. बांधणाऱ्याले माणसाची किंमत होती!" हे सांगताना त्यांचा आवाज देवळात असल्यासारखा खाली यायचा. मी आधी हसायचो, नंतर प्रश्न विचारू लागलो.

एका रविवारी केतकीही आली होती. कुत्रा घेऊन निघालेले एक आयरिश आजोबा दोन मीटरवर थांबले. म्हणाले, "माझे आजोबा इथेच कामाला होते. आत काय करायचे, घरी कधी बोललेच नाहीत."

मी ते काकांना मराठीत सांगितलं.

"नाहीच बोलणार," काका म्हणाले. "मी बी तिकडं कारखान्यात वीस वर्षं बारूद भरली. बायकोले सांगतलं, कचेरीत कारकून आहो. तिची झोप कायले उडवाची?"

केतकी हळूच म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं. तुमचे कपडे ती वेगळे भिजवायची. म्हणायची, कारकुनाच्या शर्टाले गंधकाचा वास येत नसते. पण तुह्या बाबाले वाटते मले ठाऊक नाही, तं वाटू दे."

काका पडक्या भिंतीवर टेकले. आजोबा माझ्याकडे भाषांतरासाठी बघत होते. मी त्यांना हातानं जरा थांबायची खूण केली.

काका म्हणाले, "मी म्हणो, मी कामाले निघालो का ही रोज फाटकापर्यंत काहून येते."