गोगलगायीची बढती

वन्यजीव कार्यालयातला गोगलगाय विभाग समाधानकारक कामामुळे बंद करण्याचं ठरलं.

फक्त एकाच तळ्याकाठी राहणारी ही हिरवी गोगलगाय विभागप्रमुखांनी इतक्या जिवापाड सांभाळली, की ती ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘चिंता नसलेल्या’ वर्गात उतरली. चिंता नाही म्हणजे निधी नाही. शेजारच्या खोलीत त्यांचे थोरले साडू गिधाडं सांभाळत. गिधाडं ‘अतिसंकटग्रस्त’, त्यामुळे साडूंना जीप आणि सासुरवाडीत जास्तीचा आग्रह.

वरून तुलनात्मक तक्ता मागवण्यात आला. गिधाड : पक्षी, कणा आहे. गोगलगाय : मृदुकाय, कणा नाही, याला कार्यालयात कुणी हरकत घेतली नाही. परस्परांशी नातं : नाही. शिल्लक : गिधाडं मोजकी, गोगलगायी उदंड. सासऱ्यांनीही तक्ता चवीनं वाचला आणि थोरल्या जावयाकडे बघून मान डोलावली.

“अहो, इतकं चांगलं काम करायला सांगितलं कुणी?” रात्री बायको म्हणाली. “भाऊजी बघा. एक गिधाड वाढवलं नाही, पण वजन किती वाढलंय त्यांचं.”

बोल जिव्हारी लागला. तळ्याकाठी फरशी घाला, चिखलानं बूट भरतात, अशी सकाळी फिरायला येणाऱ्यांची जुनी तक्रार होती. विभागप्रमुख ती दरवर्षी बाणेदारपणे फेटाळत. या वेळी त्यांनी ‘हरकत नाही’ असा शेरा मारला. सही करताना त्यांना खरोखर वाईट वाटलं. मग जीप आठवली आणि बरं वाटलं.

फरशी आली, ओल गेली आणि गोगलगाय भराभर बढती घेत ‘अतिसंकटग्रस्त’ झाली. विभाग वाचला. जीपही आली, साडूंच्या जीपपेक्षा हातभर लांब. उरलेली एकुलती एक गोगलगाय बघायला सगळं कुटुंब त्या जीपमधून निघालं. सासरे पुढच्या सीटवर. तळ्याकाठी सगळे उतरले, पण चकचकीत फरशीवर ती काही दिसेना.

“जीपची सावली पडतेय,” सासरे म्हणाले. “जरा मागे घ्या बघू.”

विभागप्रमुखांनी जीप मागे घेतली. अगदी बारीकसा आवाज झाला. ते खाली उतरले, चाकापाशी गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. साडूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “‘नामशेष’ म्हणजे तुम्ही आमच्याही वर गेलात,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हेवा होता.

संध्याकाळपर्यंत गोगलगायीचा फोटो फोनाफोनांतून फिरला. आपण सगळ्यांनीच त्याखाली रडका चेहरा लावला. तुम्हीसुद्धा लावलात, सकाळचं फिरणं आटोपून, कोरड्या बुटांनी घरी परतल्यावर.