खोटी बिले प्रतिबंधक समिती

बिलाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीचे एकच छिद्र होते. अकोल्याच्या त्या जिनिंग कारखान्यात माल आला की चौकीदार बिलाला एक चिठ्ठी टोचतो, गोदामवाला दुसरी, कचेरी तिसरी. म्हणजे छिद्रे तीन. कचेरीतल्या सिंधूने भिंग घेऊन पुन्हा पाहिले. आठ पिंपे तेलाचे बिल आले होते. तेल फाटकातून आलेच नव्हते.

ज्या संस्थेला फसवणुकीची भीती वाटते तिने समिती नेमावी, हे सर्वमान्य आहे. मालक बापूसाहेबांनी अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर ती नेमली. अध्यक्ष ते स्वतः; चिटणीस सिंधू (बी.एस्सी., पगार नव्वद रुपये). नियम झाले : बिल छापील असावे, तीन प्रतींत असावे, शिक्का गोल असावा (चौकोनी संशयास्पद). यात न बसेल ते बिल खोटे. माल आला की नाही, हा प्रश्न गोदामाचा असल्याने समितीने त्यात लक्ष घातले नाही.

पाच महिन्यांत एकोणचाळीस खोटी बिले पकडली गेली. त्यांपैकी अडतीसांचा माल कारखान्यात रोज वापरात होता. एकोणचाळिसाव्या बिलाचा माल समितीने बैठकीत खाल्ला होता (चिवडा, दोन शेर).

तेलवाल्या एजन्सीचे बिल मात्र प्रत्येक नियमात बसत होते. सिंधूने छिद्रांचा मुद्दा मांडला; नियमांत छिद्रांचा उल्लेख नव्हता. मग ती रविवारी स्वखर्चाने अमरावतीला गेली आणि राजापेठेत बिलावरचा पत्ता शोधून आली. त्या क्रमांकावर विहीर होती. समितीने नोंद केली : ‘पत्ता सुवाच्य आहे.’

याउलट तेल्हारा गावचा पुंजाराम. त्याने यंत्राचा तुटलेला चामडी पट्टा शिवला आणि बेचाळीस रुपयांच्या कागदावर अंगठा उठवला. शिक्का नाही. दर बुधवारी तो पैशांचे विचारायला यायचा.

“बाई, पट्टा फिरून राहिला ना?”

“फिरतोय, पुंजारामभाऊ.”

“मंग त्यानं सोताच टाके घालून घेतले काय? चामड्याच्या उधारीत दुकानदारानं माही हत्यारं ठेवून घेतली. आता दातानं शिवू?”

“निर्णय व्हायचा आहे,” सिंधू म्हणायची.

अखेर बैठक भरली. पुंजाराम दारात उभा होता. पट्ट्याच्या आवाजामुळे बापूसाहेबांना ओरडून बोलावे लागत होते.

“बाई,” ते ओरडले, “तुमी सायन्सच्या. कोनतं खरं, कोनतं खोटं, तुमीच सांगून टाका. नियम तुमच्याच अक्षरात आहेत. अन् हो, तुमच्या जागेसाठी बावीस अर्ज येऊन पडलेत.”

सिंधूने आता खरे बोलावे, असे वाचकाला वाटत असेल. आपल्या कचेरीतली मागची बैठक आठवून वाचकाने हा आग्रह किंचित कमी करावा.

सिंधू उठली. तिने दोन्ही कागद सारखे केले.

“एजन्सीचं मंजूर,” ती म्हणाली. “पुंजारामभाऊ, तुमचं बिल खोटं.”